उपाशी अळ्या

१

दुपारची भाकर खाऊन झाली की चंदन वडिलांचा पाय मांडीवर घ्यायचा. पहाटे झेंडू-गलांडा तोडायचा, मोटरसायकलला दोन बोऱ्या बांधून अमरावतीच्या फूलबाजारात टाकायच्या, ऊन डोक्यावर यायच्या आत नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडचं आपलं गाव गाठायचं, जेवायचं आणि पाय घेऊन बसायचं. वरचा ओला पॅड काढायचा, कोरडा लावायचा, पट्टी गुंडाळायची. खालच्या जाळीला हात लावायचा नाही.

जाळीच्या आत अळ्या होत्या.

शेषरावांना शुगर होती. टाचेजवळची जखम वर्ष उलटलं तरी मिटत नव्हती, उलट आतून काळी पडत चालली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढायला सांगितला. अमरावतीच्या डॉक्टरांनी मात्र आधी एक उपाय करून पाहू म्हटलं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्वच्छ अळ्या शिशीतून आल्या, रव्याच्या कणांएवढ्या. प्रणाली सिस्टरनं त्या जखमेवर सोडल्या, वरून बारीक जाळी चारही बाजूंनी चिकटवली आणि चंदनला समोर बसवून सगळं तोंडी समजावलं. आठवीतच शाळा सोडलेल्या पोराला इंग्रजी कागद देऊन उपयोग नव्हता.

"या फक्त मेलेलं मांस खातात, भाऊ. जित्याले तोंड लावत नाहीत. पोट भरलं की जाड होतात अन् मग अंधारी जागा पाहून पळतात. तोपर्यंत जागच्या हलत नाहीत. बारीक अळी जखम सोडून कुठं जात नाही. तिचं सारं तिथंच असते."

"म्हणजे डाक्टरनं माह्या पायात भाडेकरी बसवले," शेषराव म्हणाले. "जेवतीन माह्या घरी, अन् पोट भरलं की चालले."

"गुदगुल्या होतात का, काका?"

"होतात ना. सून आली नाई घरात, नातू नाई. या तरी खेयून राहिल्या अंगावर."

सिस्टर हसली. चंदनची माय, मनकर्णाबाई, पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

त्या दुपारी पट्टी बांधून चंदन हात धुवायला उठला, तेव्हा फरशीवर त्याला एक अळी दिसली. वडिलांच्या खाटेपासून चांगली चार हात लांब. शहाबादी फरशीच्या सांध्यातून ती सरळ चालली होती. इकडे नाही, तिकडे नाही. समोर थोरल्या भावाच्या, किशोरच्या खोलीचं बंद दार होतं.

चंदननं ती नखावर घेतली. सुताच्या धाग्याएवढी होती. पोटात काही नव्हतं.

जाळी सुटली असेल, असं वाटून तो परत खाली बसला. पट्टी सोडून जाळीची एकेक कड बोटानं चाचपली. कुठंच सुटलेली नव्हती.

२

किशोरचं पहिलं मासिक श्राद्धही अजून व्हायचं होतं.

फुलांचा माल घेऊन तो अकोल्याला निघाला होता आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे ट्रकनं त्याला खाली घेतलं. घरी आणला तो पांढऱ्या कापडात पक्का शिवून. तोंड तेवढं पाहू दिलं. चंदन कापड फाडायला धावला तेव्हा शेजारच्या नत्थुजींनी त्याला कमरेला धरून मागं ओढलं. "नको पाहू, बाबू. छातीच्या खाली पाहण्यासारखं काई नाई."

वडिलांचा पाय आधी किशोरच बांधायचा. अळ्यांचा दवाखानाही त्यानंच शोधला होता. "बाबा, मी जिता हावो तोपर्यंत तुमचा पाय कोणाले कापू देत नाई," असं तो म्हणायचा, आणि शेषराव म्हणायचे, "मंग तू लय दिवस जग लेका."

दशक्रियेला तलावाच्या पाळीवर पिंड मांडला आणि कावळा शिवेना. कडुनिंबावर बसून होता, मान वाकडी करून पाहत होता, पण खाली उतरत नव्हता. माय म्हणाली, "बाबाच्या पायाची कायजी करू नको, आमी करतो." कावळा हलला नाही. नत्थुजी म्हणाले, "तुह्या मागं तुहा भाऊ हाये, पोरा, निश्चिंत जा." तरी नाही. ऊन तापत चाललं. लोक एकमेकांकडे पाहू लागले. भटजी म्हणाले, आणखी कोणाला काही बोलायचं असेल तर बोला.

चंदनला कोणी विचारलं नव्हतं. पण त्याचं तोंड आणि डोकं कधीच एका वेळी चालत नसे. तो पिंडासमोर गुडघ्यावर पडला आणि भडाभडा बोलून गेला, "दादा, तुही खाट आमी हलवत नाई. तुही खोली कोणाले देत नाई. जशी हाये तशी राहीन, तुहीच राहीन."

कावळा तेव्हाच उतरला.

सगळ्यांनी श्वास सोडला. मायनं चंदनच्या डोक्यावरून हात फिरवला. फक्त नत्थुजी घरी येताना त्याच्याजवळून चालत हळूच म्हणाले, "असं नसते बोलत, बाबू. जाणाऱ्याले आपण निरोप देत असतो. जागा धरून ठेवत नसतो."

"शिवला ना कावळा?" चंदन खेकसला.

"शिवला. तेच पाहून राहिलो मी."

तेव्हापासून खोली बंद होती. आत किशोरची नवारीची खाट, तिच्यावर त्यानं निघताना अर्धवट सारलेली चादर, खुंटीला शर्ट. माय दाराबाहेरूनच झाडून घ्यायची.

३

दुसऱ्या दिवशी अळ्या जास्त होत्या.

चंदननं पॅड बदलला, पट्टी बांधली आणि या खेपेला उठला नाही. भिंतीला टेकून बसून राहिला. बाहेर उन्हानं गाव निपचित पडलं होतं. कूलर घरघरत होता, त्याच्या वाऱ्यानं कॅलेंडर भिंतीवर आपटत होतं. शेषरावांना झोप लागली होती.

पट्टीच्या कडेला एक पांढरा ठिपका आला. मग त्याच्या शेजारी दुसरा. पट्टीवरून खाटेच्या पायावर, पायावरून फरशीवर. फरशीवर येऊन क्षणभर तोंड वर करून थांबायच्या, जसं कुत्रं वारा हुंगतं तसं, आणि मग सांध्याला लागायच्या. एकीमागं एक. दाराखालच्या फटीत शिरून दिसेनाशा व्हायच्या.

चंदननं मनाशी कारणं जुळवली. कूलरचं पाणी तिकडं जात असेल, ओल शोधत असतील. पण ओल तर कूलरजवळ होती आणि त्या कूलरकडे पाठ करून चालल्या होत्या. अंधार शोधत असतील. पण अंधार तर बाबांच्या खाटेखालीही होता. पोट भरलं असेल. त्यानं चार-पाच उचलून तळहातावर घेतल्या. सगळ्या बारीक. सगळ्या रिकाम्या.

त्यानं ओसरीवर येऊन सिस्टरला फोन लावला.

"जाड असतील, भाऊ. नीट पाहा."

"पाह्यल्या. धाग्यावानी हायेत."

"मग तुमची गफलत होऊन राहिली. उपाशी अळी अन्न सोडून जातच नाही. ती अन्नाकडे जाते."

तिनं ते सहज म्हटलं आणि दुसऱ्या पेशंटकडे वळली असावी. चंदन मात्र फोन कानाला तसाच धरून उभा राहिला.

उंदीर, मग त्याच्या मनात आलं. त्या खोलीत उंदीर मरून पडला असणार. दुसरं काय? त्याला इतकं हलकं वाटलं की तो तसाच आत गेला आणि किशोरच्या खोलीचं दार लोटलं.

वास नव्हता. त्यानं नाकानं जोरात ओढून पाहिला. बंद खोलीचा असतो तेवढाही नव्हता. कोपऱ्यात काही नाही, खाटेखाली काही नाही. अळ्या मात्र होत्या. दारापासून खाटेपर्यंत त्यांची ओळ होती, आणि खाटेच्या पायावरून ती वर चढत होती. नवारीवर पोचली की चादरीखाली शिरत होती. चादर अर्ध्या खाटेवर सारलेली, किशोरनं टाकली होती तशी. तिच्याखाली काही असावं एवढीही ती उचललेली नव्हती. सपाट होती.

चादरीला हात लावण्यासाठी तो वाकला. हात पुढं गेला आणि थांबला. आपल्या हाताला काय झालं हे त्याला कळेना. हा दादाच होता. लहानपणी याच्याच पांघरुणात शिरून तो झोपायचा.

त्यानं दार लावून घेतलं. फटीत फडकं कोंबलं. संध्याकाळी मायनं ते फडकं काढून धुवायला टाकलं, काही न विचारता.

४

अमरावतीला सिस्टरनं जाळी उघडली तेव्हा आत मोजक्याच अळ्या होत्या आणि जखम होती तशीच होती. काळी, कडेला पिवळट. डॉक्टरांनी चष्मा वर सारून पाहिलं. जाळी शाबूत आहे, मग गेल्या कुठं, असं ते स्वतःलाच म्हणाले. मग चंदनकडे वळले. आणखी एकदा सोडून पाहू. या खेपेला काही झालं नाही तर विष वर चढायच्या आत पाय काढावा लागेल, ते लांबवता येणार नाही.

नत्थुजींच्या व्हॅनमधून ते परत निघाले. शेषराव मागच्या सीटवर पाय लांब करून बसले होते. बडनेरा मागं पडल्यावर ते म्हणाले, "मले फुलाच्या सरीत उभं राहता आलं पायजे, बस. खाटेवर बसून गजरे ओवाले मी काई बाईमाणूस नाई."

"बाईमाणसानंच आतापर्यंत गजरे ओवून तुमाले जगवलं," माय म्हणाली.

"म्हणून तं म्हणतो, तुही जागा कायले घेऊ."

चंदनला राहवलं नाही. त्यानं सगळं सांगून टाकलं, ओळ, फट, चादर. मायनं खिडकीबाहेर पाहिलं. तिला ठाऊक होतं हे त्याला तिच्या मानेवरून कळलं.

"खाट काढ," नत्थुजी म्हणाले. त्यांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. "आजच काढ. माहा ट्रॅक्टर देतो. वावरात नेऊन जाळून टाक, खोली धुऊन घे."

"मी बोललो हावो त्याले."

"अन् बापाचा पाय?"

"मी बोललो हावो ना," चंदननं डॅशबोर्डवर मूठ हाणली. त्यावरची गणपतीची मूर्ती आडवी झाली. "कावळा शिवला मंग. तुमी सारे बसले होते तथी. तवा काऊन नाई बोलले?"

"तवाच बोललो, बाबू."

"नाई हलवायची खाट," माय मागून म्हणाली. शांतपणे. "पोरगं एवढंच मांगून गेलं."

 शेषराव आपल्या पायाकडे पाहत होते, जसं पाव्हण्याकडं पाहावं, हा राहणार की जाणार असं.

५

नव्या अळ्या दुसऱ्या दुपारी निघाल्या.

चंदन झाडू घेऊन बसला होता. पहिली ओळ त्यानं झाडून सुपडीत घेतली आणि पट्टीवर परत सोडली. त्या फिरल्या आणि पुन्हा उतरल्या. त्यानं फरशीवर मिठाची रेघ ओढली. त्या रेघेपाशी थांबल्या, तोंडं वर केली आणि मिठावरून गेल्या. पट्टी सैल केली तेव्हा वडिलांच्या टाचेखालचा काळा भाग त्याला जाळीतून दिसला. इतकं मांस समोर असताना त्या ते टाकून चालल्या होत्या. पलीकडं काहीतरी जास्त होतं. त्याचा वास माणसाला येत नव्हता एवढंच.

खाट काढली तर शब्द मोडतो. नाही काढली तर बाबांचा पाय जातो. दोन्ही गोष्टी डोक्यात फिरत राहिल्या आणि त्यांचं फिरणं थांबेना. आणि फिरणं असह्य झालं की चंदन नेहमी जे करायचा तेच त्यानं केलं. तो उठला.

"बाबा, गळ्यात हात टाका."

"काऊन रे?"

"टाका म्हणतो ना."

आजारानं वडील पोत्याएवढेही राहिले नव्हते. त्यानं त्यांना उचललं, पायानं दार ढकललं आणि किशोरच्या खाटेवर नेऊन ठेवलं. खाट हलली नव्हती. दिलेला शब्द जागेवर होता. आता अळ्यांना जिकडं जायचं होतं तिकडं पाय आला होता, आणखी काय पाहिजे?

शेषराव रागावतील असं त्याला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, खुंटीवरचा शर्ट पाहिला. मग कुशीवर होत म्हणाले, "सरक जरा."

"कोणाले म्हणता, बाबा?"

ते खाटेच्या अगदी काठावर झोपले होते. भिंतीकडची अर्धी खाट रिकामी होती.

"मधात झोपा ना. पडसान."

"होते बरोबर," शेषराव म्हणाले आणि डोळे मिटले.

चंदन उंबऱ्यावर बसला. बाहेरच्या फरशीवर अळ्या वळत होत्या. ओळ एकदा तुटली, मग खोलीकडं तिची गती वाढली. थोड्या वेळानं लाइन गेली. कूलर फिरत फिरत बंद पडला आणि घरातला सगळा आवाज एकदम संपला.

तेव्हा त्याला ते ऐकू आलं. ओल्या पानांवर बारीक रेती पडत राहावी तसं. जाळीखालून येत होतं हे त्याला कळलं, खात आहेत हेही कळलं, आणि त्याला आनंद झाला. बाबांचा पाय वाचणार होता. तो मान पुढं करून ऐकत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की आवाज दोन ठिकाणांहून येतो आहे. एक पायाशी. दुसरा भिंतीकडून, चादरीखालून, पायापासून छातीपर्यंत लांबच्या लांब.

६

"अरे वा," डॉक्टर म्हणाले.

टाच लाल झाली होती. डाळिंबाच्या दाण्यांसारखं नवं मांस तळातून वर येत होतं. कडेला थोडं काळं उरलं होतं तेवढंच. आणखी एक शिशी, म्हणजे झालं. पाय काढायचं नाव आता घ्यायचं नाही.

मायनं तिथंच डॉक्टरांच्या पायावर डोकं टेकवलं. शेषरावांनी सिस्टरला झेंडूची करंडी पाठवण्याचं कबूल केलं. चंदन मात्र सिस्टरच्या हाताकडे पाहत होता. ती चिमट्यानं अळ्या वेचून भांड्यात टाकत होती. जाड, तटतटून फुगलेल्या. तिचा हात हळू होत गेला.

"एवढ्या मी सोडल्या नव्हत्या," ती त्याला हळूच म्हणाली. "अन् एवढं खायला या जखमेत होतं तरी कुठं?"

चंदननं खांदे उडवले. वडिलांचा पाय त्यानं पुन्हा मांडीवर घेतला आणि नवी जाळी चिकटवायला सिस्टरला जागा करून दिली.

घरी आल्यावर त्यानं वडिलांना मधल्या खोलीत नेलं. ते तिथं टेकले नाहीत. काठी घेऊन, टाच उचलून, एकेक पाय टाकत किशोरच्या खोलीत गेले आणि खाटेच्या काठावर आपल्या जागी पडले. महिनोन्महिने चालता न येणारा बाप चालला होता. चंदनला हसावं की त्यांना अडवावं हे सुचलं नाही.

नंतर ते बाहेर निघालेच नाहीत. टाच भरून आली, सिस्टरनं फोनवर फोटो पाहून शाबासकी दिली, सरीत झेंडू फुलून वाकले, पण शेषराव फुलं पाहायला गेले नाहीत. "जातो ना," म्हणायचे. "हे होऊ दे." माय त्यांचं जेवण आत नेऊ लागली. एका दुपारी चंदननं पाहिलं, तिच्या हातात दोन ताटं होती. परत आणली तेव्हा दोन्ही भरलेली होती. तिनं ती निमूटपणे गाईला घातली.

"माय, काय चाललं हे?"

"बाबाचा पाय वाचला ना?"

"वाचला."

"मंग."

७

त्या दुपारी लाइन गेली होती. दार अर्धं उघडं होतं. चंदन पाण्याचा तांब्या द्यायला म्हणून आला आणि उंबऱ्याशी थबकला.

शेषराव खाटेवर उठून बसले होते, दाराकडे पाठ करून. भरलेला पाय त्यांनी खाली सोडला होता. हातात कापसाचा बोळा, शेजारी मिठाच्या पाण्याची वाटी. ते भिंतीकडं वाकून काहीतरी पुसत होते, सावकाश, जसं चंदन त्यांची टाच पुसायचा तसं. चादर वर सरकली होती.

चंदनला एक तळवा दिसला. लाल, ओला, नवा. कातडं अजून यायचं होतं. शेषरावांनी बोळा फिरवला तशी त्याची बोटं आत आखडली.

तांब्या पडला नाही. चंदननं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

शेषरावांनी मागं न पाहता चादर खाली ओढली. "पायाकडचं साफ झालं," ते म्हणाले. "वरचं राह्यलं हाये. शिशी संपली काय?"

चंदन ओसरीवर आला. फोन काढताना त्याला वाटलं की आपण नत्थुजींनाच लावतो आहोत. ट्रॅक्टर सांजेआधी येईल. खाट वावरात नेता येईल, खोली धुता येईल, आणि बाबा दोन पायांवर सरीत उभे राहतील. एवढंच तर हवं होतं. बोटानं मात्र सिस्टरचा नंबर लावला होता.

"आणखी शिशी?" सिस्टर हसली. "कशाला भाऊ? काकांची टाच तर भरली. आता सोडल्या तर उपाशी मरतील बिचाऱ्या. मेलेलं काही उरलंच नाही."

आत खाट करकरली. कोणीतरी कूस बदलली होती. वजनदार, दमलेल्या माणसानं बाजारातून येऊन बदलावी तशी, भिंतीकडून दाराकडं. बाबा एवढे जड राहिले नव्हते.

चंदनचे डोळे भरून आले. भीतीनं की कशानं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"उरलं हाये, सिस्टर," तो म्हणाला. "तुमी पाठवा. छातीपर्यंत पुरतीन एवढ्या पाठवा."